पिशवीचं झाकण, हाताचं झाकण

इनास मास्तरांकडे बाटली घेऊन जाऊ नये. ते ती तुमच्या हातातून घेतात, तुमच्याच मांडीवर उलटी धरतात आणि वाट बघतात. पाणी सांडलं तर समाधानाने मान हलवतात. "बघलंस? गळता." नाही सांडलं तर बाटली परत देऊन म्हणतात, "आता उघड. बोटां न लावता." दोन्ही परीक्षा पास झालेली बाटली आमच्या तोंडवली गावात अजून कोणी आणलेली नाही. पाहुणे आता त्यांच्याकडे तहानलेले जातात आणि तहानलेलेच परत येतात.

मास्तर आमचे शेजारी. त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली, मलाही शिकवली, त्यामुळे मी पन्नाशीला आलो तरी त्यांच्या लेखी 'रे सुरेशा'च आहे. मालवणच्या एका ऑफिसात मी हिशेब बघतो आणि रोज स्कूटरने जातो-येतो. रस्त्याला खड्डे भरपूर. या कारणाने मास्तरांनी मला आपल्या झाकणांचा परीक्षक नेमलं. मला विचारलं नाही.

त्यांचं म्हणणं साधं आहे. "झाकणाक दोन धनी, सुरेशा. एक पिशवी, एक हात. पिशवी म्हणता घट्ट बस, हात म्हणता सोड. कंपनीवालो आयकता फकत पिशवीचा. हात तरणे आसतले असा धरून चालता तो."

हात फिलूबायचे. फिलूबाय म्हणजे मास्तरांची बायको. सांधेवाताने तिची बोटं वाकली, मूठ वळेनाशी झाली. त्यानंतर ती एकदा म्हापशाला लेकीकडे गेली होती. मास्तर सोबत जाऊ शकत नाहीत, त्यांना गाडी लागते. कुडाळच्या पुढे ते माणसात राहत नाहीत. तर फिलूबाय एकटीच गेली आणि परत आली ती पांढरीफटक. प्रेशरची गोळी पुडीत तशीच, बाटली भरलेली तशीच. शेजारी बसलेल्या बाईला 'एवढं झाकण उघडून दे गो' म्हणायची तिला लाज वाटली. डॉक्टर रागावले. फिलूबायने ठरवून टाकलं, आता एकटीने प्रवास नाही. आणि याच सुमाराला म्हापशाला नातू झाला.

"बाटली माझी माका उघडली तर जातलंय, नाय तर जावचंय नाय," ती म्हणाली. मास्तर त्याच संध्याकाळी कानस घेऊन बसले.

परीक्षा सोलकढीने व्हायची. मी म्हटलं, पाणी का नको? "पाणी खोटा बोलता. गळता आनि सुकान जाता. सोलकढी डाग ठेयता." डाग राहायचा तो माझ्या डब्याच्या पिशवीवर, फायलींवर, एकदा शर्टावर. ऑफिसातला शिपाई मला बघून आधी पिशवीकडे बघायला लागला. "काय ओ, आज खयचा झाकण?" हे त्याचं गुड मॉर्निंग.

दाबून उघडणारं झाकण झालं, ते पिशवीत डब्याने दाबलं. सरकवायचं झालं, ते खड्ड्यात आपणच सरकलं. मी दमून गेलो होतो. फिलूबायही दमली होती. "सांधेवात माका बोटांक झालो, ह्यांका डोक्याक," ती कुंपणापलीकडून सांगायची.

मग मास्तरांना ते सापडलं. झाकणाला एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला जाळ्याच्या नायलॉन दोरीचं कडं. बाटली गुडघ्यांत धरायची, कड्यात मनगट घालायचं आणि वर ओढायचं. पिशवीत सगळं दाबतं, ढकलतं, पण वर ओढणारं कोणी नसतं. आत सायकलच्या ट्यूबची कापलेली रिंग. मी ती बाटली मालवणला नेली, आणली. एक थेंब नाही. मीसुद्धा खूष झालो, हे कबूल करतो.

शुक्रवारचं रिझर्व्हेशन झालं. बाटली आदल्या दिवशीपासून सोलकढी भरून तशीच उन्हात ओट्यावर उभी. फिलूबायने गुडघ्यांत धरली, मनगट घातलं, ओढलं. काही नाही. मास्तरांनी ओढलं. मी ओढलं. ट्यूबच्या रबराने नारळाच्या रसातलं तेल पिऊन घेतलं होतं आणि फुगून बसलं होतं. शेवटी मी पक्कड लावली. आंबलेल्या सोलकढीने आधी माझा चष्मा गाठला, मग छत.

बांधलेली बॅग फिलूबायने आत नेली. तेवढं मास्तरांनी बघितलं आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "गळला नाय मात्र."

रिंग अखेर आमच्या मिक्सरच्या भांड्याची बसली, पांढरी, तेलाला न जुमानणारी. आमच्या घरी चटणी अजून ओट्यावर वाहते. बायकोने त्यावर जे म्हटलं ते लिहीत नाही. पुढच्या शुक्रवारी मालवण स्टँडवर फिलूबायने आमच्यासमोर बाटली उघडली, मिटली, परत उघडली. मास्तर तिच्याकडे न बघता गाडीच्या टायरांकडे बघत होते. दुपारी फोन आला. सावंतवाडीला गोळी घेतली, तिची तिने. "बाजूवाल्या बाईन पण बाटली मागल्यान, उघडून बघूक," ती सांगत होती. महिनाभर राहणार म्हणाली.

परवा संध्याकाळी मी त्यांच्याकडे माशाचं कालवण घेऊन गेलो. मास्तर स्वयंपाकघरात एकटेच पेज पीत होते. फळीवर फिलूबायच्या बरण्या होत्या, लोणचं, कोकमाचं आगळ, सुके बांगडे, सगळ्यांना तीच जुनी फिरकीची झाकणं. मला नवल वाटलं.

"मास्तरानू, तिच्या ह्या बरण्यांक कशी नाय केलात तुमी नवी झाकणां?"

"ह्यांका कित्याक?" ते म्हणाले. "घरात मी आसंय मां. उघडली नाय काय ती माका हाक मारता."

ते उठले, लोणच्याची बरणी खाली घेतली, तिचं झाकण आणखी थोडं आवळलं आणि जागेवर ठेवून दिली.