फ्रिजमधली बाटली

घरातलं काहीही हलवायचं झालं, तर ते माझ्या नजरेखालून जातं. हे गेले त्या आठवड्यात तर मी सगळ्यांना बजावलंच होतं, "फ्रिज मी सांभाळते. कुणी लुडबुड करू नका."

कारण फ्रिजच्या दारात यांची बाटली होती. हे माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होते. घेवड्याच्या मुळांवर बारीक गाठी येतात, त्यांत जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला खाऊ घालतात. परसातल्या घेवड्याच्या गाठींतून यांनी असेच चिवट जिवाणू वेगळे काढून त्या बाटलीतल्या पाण्यात वाढवले होते. आता यांचे सहकारी बाटली न्यायला येणार होते. चष्म्याच्या जाड काचांमुळे आम्ही त्यांना भिंगवाले म्हणायचो.

सकाळी पाहते तर बाटली खिडकीत पालथी! आरशासारखी लखलखीत.

"आई, यातलं पाणी?"

"ओतलं मोरीत," सासूबाई म्हणाल्या. "गढूळ झालं होतं गं. बाटली उकळत्या पाण्यानं धुतली. त्याची वस्तू, घाण कशी ठेवायची?"

वरची चिठ्ठी त्यांनी अलगद सोडवून पदराला बांधली होती. 'हात लावू नये' असं तिच्यावर यांच्या अक्षरात लिहिलेलं. 

भिंगवाल्यांना फोन लावला. "घाबरू नका वहिनी," ते म्हणाले, "घेवडा आहे ना अजून? मुळांवरच्या गाठी..."

पुढचं ऐकायला मी थांबलेच कुठे? फोन आपटला आणि परसात धावले. मागून सासूबाई. गुडघेदुखी विसरून त्या माझ्याहून जोरात रोपं उपटत होत्या. "ही मुळी बघ, हिला पण गाठी आहेत!" भिंगवाले फाटकात पोचले तेव्हा अख्खा वाफा आडवा झाला होता आणि आम्ही दोघी चिखलात बरबटून बसलो होतो.

एक गाठ नखानं फोडून त्यांनी आमच्यापुढे धरली. आत फिकट लालसर.

"जिवंत आहेत. आपल्या रक्तासारखंच काहीतरी असतं यात, म्हणून हा रंग."

सासूबाईंनी गाठ तळहातावर घेतली. "त्याचेच ना हे?"

"प्रयोगशाळेत तपासावं लागेल, आई. पण इथूनच घेतले होते त्यानं. बहुधा तेच."

"मग जपून ने रे," त्या म्हणाल्या. इतके दिवस कोरड्या राहिलेल्या बाई तिथेच वाफ्यात बसून रडल्या. मी त्यांना धरायला गेले आणि माझाही बांध फुटला. भिंगवाले चष्मा पुसत राहिले.

निघताना त्यांनी एक रोप मुळासकट ओल्या फडक्यात गुंडाळलं.

"बाकीची?" मी विचारलं.

"एक पुरे होतं, वहिनी. फोनवर तेच सांगत होतो."

संध्याकाळी आम्ही उरलेली रोपं पुन्हा मातीत रोवली. फुलावर आलेली होती, सगळ्यांनी माना टाकल्या. जगणार नाहीत हे दोघींनाही दिसत होतं. तरी सासूबाई एकेकाला पाणी घालत गेल्या आणि मी मुकाट्यानं बादली भरून देत राहिले.