साडेनऊ गुणांचं लोणचं

लोणच्याच्या बाबतीत मास्तरांचा शब्द शेवटचा, असं दुसरं कोणी म्हणत नव्हतं. मास्तर स्वतःच म्हणायचे, आणि दिवसातून दोनदा म्हणायचे. देव प्रत्येकाला काहीतरी देऊन पाठवतो; कोणाला गळा, कोणाला हात. मास्तरांना त्यानं जीभ दिली होती, फक्त ती आवरायची कशी हे सांगायचं राहून गेलं होतं.

चौतीस वर्षं गणित शिकवून ते घरी बसले, तेव्हा तपासायला वह्या उरल्या नाहीत. मग ते सुनेची लोणची तपासू लागले. बरणी उघडली की सून चमच्याच्या टोकावर थोडं काढून द्यायची. मास्तर डोळे मिटायचे, जीभ टाळ्याला लावायचे आणि निकाल सांगायचे, "साडेनऊ. मीठ किंचित कमी."

दहापैकी दहा त्यांनी आयुष्यात कोणाला दिले नव्हते. सून मीठ घालायची, ढवळायची, पुन्हा चमचा पुढे करायची. मास्तर डोळे न उघडताच म्हणायचे, "हां, आता बरोबर." एवढं झालं की त्यांचा दिवस सार्थकी लागायचा.

आणि अशात त्यांना सर्दी झाली. आठ दिवसांत ती गेली खरी, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेली. चहा म्हणजे कोमट पाणी, भाजी म्हणजे ओला पुठ्ठा. लिंबू चोखलं तरी जीभ ढिम्म.

मास्तरांचं धाबं दणाणलं. कारण तीन आठवड्यांनी कारखान्याच्या कॅन्टीनचे मॅनेजर सुनेचं लिंबाचं लोणचं चाखायला येणार होते. पसंत पडलं तर दर महिन्याला चाळीस बरण्या. मग कापडाच्या दुकानातली, दिवसभर उभं राहून करायची तिची नोकरी सुटणार होती. रोज संध्याकाळी ती सुजलेले पाय बादलीत सोडून बसायची, ते मास्तर बघत होते. अशा वेळी परीक्षकानंच 'मला काही कळत नाही' म्हणायचं? आणि म्हटलं, तर घरात त्यांचं काम तरी काय उरलं? दूधवाला आला की पातेलं पुढे करणं.

मास्तरांनी युक्ती काढली. जीभ गेली तरी डोळे शाबूत होते. दुसऱ्याला खायला घालायचं आणि त्याचं तोंड वाचायचं. गृहपाठ कोणी केला नाही हे ज्यांनी चौतीस वर्षं नुसत्या चेहऱ्यावरून ओळखलं, त्यांना लोणचं काय अवघड?

वरच्या मजल्यावर त्यांची थोरली बहीण, आक्का, राहायची. मास्तर वाटी घेऊन वर गेले. आक्कानं फोड तोंडात टाकली आणि कोणी पिशवीची नाडी ओढावी तसा तिचा चेहरा गोळा झाला.

"आंबट आहे का गं?"

"छे रे, छान आहे," आक्का म्हणाली, आणि पुन्हा नाडी ओढली गेली.

ही माझं मन राखतेय, मास्तरांनी ताडलं. खाली येऊन म्हणाले, "सात गुण. दोन वाट्या साखर घाल."

सुनेनं एकवार त्यांच्याकडे पाहिलं. "दोन वाट्या?"

"मी उगाच सांगतो का?"

दुसऱ्या दिवशी नाडी आणखी जोरात ओढली गेली. आणखी साखर. तिसऱ्या दिवशी आक्काच्या डोळ्यांत पाणी आलं; म्हणजे तिखट झालं, घाला व्हिनेगर. चौथ्या दिवशी ती पाच मिनिटं एकाच बाजूनं चावत राहिली. म्हणजे मिळमिळीत, घाला लसूण, घाला मिरची. मास्तर सांगत गेले, सून 'बरं' म्हणत गेली.

आक्काची कवळी नवी होती आणि डाव्या हिरडीला टोचत होती. विचारलं असतं तर तिनं सांगितलंही असतं. पण मास्तर विचारायचे लोणच्याचं.

रविवारी सकाळी मॅनेजर आले. सून शेजारी खुर्ची आणायला गेली होती. फळीवर दोन बरण्या होत्या. मास्तरांनी पुढची, रोजच्या ओळखीची उतरवली. "माझ्या देखरेखीखाली तयार झालंय," म्हणत त्यांनी चांगल्या तीन फोडी वाढल्या.

मॅनेजरांनी एक अख्खी तोंडात टाकली. ते हसले. मग हसू जागच्या जागी राहिलं आणि बाकीचा चेहरा मागे सरकला. कान लाल झाले. त्यांनी पाण्याच्या तांब्याकडे बोट दाखवलं, पण बोटालाही धड थांबता येईना.

सून खुर्ची घेऊन दारात उभी. "बाबा, कुठली बरणी काढलीत?"

"ही. आपली."

"आपली नाही हो, ती तुमची. विकायची ती मागे आहे."

मास्तर आणलेल्या खुर्चीत स्वतःच बसले. "सूनबाई, मला तीन आठवडे कशाची चव लागत नाही. तुझं काम मी घालवलं."

"चव लागत नाही ते ठाऊक आहे मला. बरण्या धुवायला काढलेलं व्हिनेगर तुम्ही अर्धा पेला प्यायलात, आणि म्हणालात, आज पाणी गार आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"चव काय, येईल परत. तोवर तुमचं काम कशाला बंद पाडायचं? एक बरणी तुमच्यासाठी वेगळी काढली."

एव्हाना मॅनेजरांना वाचा फुटली. "ती मागची... आहे ना?"

पहिला कण त्यांनी औषधासारखा घेतला. मग एक फोड. मग पाव मागितला. निघताना म्हणाले, "चाळीस बरण्या. पण झाकणावर खूण करा बाई, हात जोडतो."

ते गेल्यावर मास्तरांनी शिक्षा म्हणून आपल्याच बरणीतली फोड तोंडात घातली. आणि काय सांगावं, जीभ जागी झाली. गोड, आंबट, तिखट, सगळं एकदम अंगावर आलं. मास्तरांच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"सूनबाई, लागतंय गं! भयंकर आहे, अगदी टाकाऊ. शून्य गुण!" इतक्या आनंदानं त्यांनी शून्य कधीच दिलं नव्हतं.

सुनेनं हसत खऱ्या बरणीतलं चमचाभर पुढे केलं. मास्तरांनी सावकाश चाखलं. "साडेनऊ. मीठ किंचित कमी."

एरवी या वेळी त्यांचे डोळे मिटलेले असायचे. आज पाणी पुसायला ते उघडे होते. सुनेचा चमचा मिठाच्या डब्यात गेला, मिठाला न शिवता वर आला आणि रिकामाच बरणीत फिरला. मनगट इतकं सराईतपणे वळलं, की ही सवय एका दिवसाची नाही हे मास्तरांना कळलं. लग्न होऊन तिला अकरा वर्षं झाली होती.

तिनं पुन्हा चमचा पुढे केला. मास्तरांनी चाखलं. गिळलं. थोडा वेळ छताकडे पाहिलं.

"किती, बाबा?"

"दहा," मास्तर हळूच म्हणाले. "मीठ अगदी नेमकं पडलंय."