कोंडवाड्यातला वर्धापनदिन

मेंढपाळ हक्क संघटनेच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाला प्रमुख पाहुणे म्हणून अध्यक्ष आप्पारावांनी सरपंच मोहनरावांचं नाव काढलं, आणि बैठकीतला जो तो एकमेकाच्या तोंडाकडं बघायला लागला. संघटना जन्माला आली होती ती मोहनरावांच्याच कृपेनं. पंचवीस वर्षांपूर्वीही सरपंच हेच. गायरान साऱ्या गावाचं, पण धनगराची मेंढी तिथं दिसली की यांच्या पोटात दुखायचं. एकदा त्यांनी छबुबाईच्या मेंढ्या धरून कोंडवाड्यात घातल्या. छबुबाई दाराशी रडत बसली, तर म्हणाले, "लेखी अर्ज द्या, मग बघू." वस्तीत लिहिता येणारं एक माणूस नव्हतं. तीन दिवस मेंढ्या उपाशी ओरडत होत्या. चौथ्या दिवशी अख्खी वस्ती कोंडवाड्यापुढं ठाण मांडून बसली, तेव्हा मेंढ्या सुटल्या, गायरानही सुटलं आणि संघटना उभी राहिली.

पुढं कोंडवाडा ओस पडला, आणि ती दगडी खोली संघटनेला कार्यालय म्हणून मिळाली. मिळाली, पण तोंडी, आणि घोळ झाला तो तिथंच. आता पंचायतीला तिथं गोदाम करायचं होतं. कागद दाखवा म्हणाले. कागद कुठला असायला? ज्या खोलीत वस्तीतल्या तीस बाया अक्षरं शिकल्या ती हातची जाते की काय, या घोरानं आप्पारावांना अन्न गोड लागत नव्हतं. म्हणून बेत असा, की मोहनरावांना फेटा बांधायचा, हार घालायचा आणि खोली संघटनेचीच आहे एवढं माईकवर वदवून घ्यायचं. मानात कसर नको म्हणून आप्पारावांनी आपला कळपसुद्धा आठवडाभर त्यांच्या रानात खतासाठी बसवला होता. ते रान कार्यालयापुढं घातलेल्या मांडवाला लागूनच होतं, याचा विचार कुणी केला नाही.

छबुबाई आता संघटनेची सचिव होती. कार्यालयाची किल्ली तिच्या कनवटीला. पाहुण्यांना घोंगडं तिनंच पांघरायचं ठरलं, तशी ती बिथरली.

"माज्या हातानं? त्या मान्साला?"

"काकू, एक डाव गप ऱ्हावा. गरज आपली हाय," आप्पारावांनी हात जोडले.

मोहनराव दोन तास उशिरा, म्हणजे त्यांच्या मानानं वेळेवर आले. झेंडूचा गुडघ्यापर्यंत लोंबणारा हार गळ्यात पडला. आप्पाराव भाषणाला उठले. स्तुती छान वठली, पाहुणे खुलले. पण जुन्या मेंढक्याच्या हाती माईक आला की तो आठवणीत शिरणारच. मेंढ्या सुटल्या तेव्हा आपण त्यांना कशी हाळी दिली होती, ते सांगता सांगता आप्पारावांनी तोंडाशी हात नेला आणि दोन्ही कर्ण्यांतून ती हाळी जशीच्या तशी दिली.

धनी सकाळपासून मांडवात, त्यामुळं कळप अजून चरायला सुटला नव्हता. त्यात धन्याची हाळी आली. दोनशे मेंढ्या कळपाभोवतीची जाळी लोळवून थेट मांडवात घुसल्या आणि मांडवात हिरवं-पिवळं होतं ते फक्त मोहनरावांच्या गळ्यात. हार सोडवायला वेळच मिळाला नाही. मोहनरावांनी धोतर सावरलं आणि समोर दिसली त्या खोलीत उडी घेतली. दाराशी म्हातारा सटवा उभा होता. त्याची हयात कळप आत घालून दार लावण्यात गेलेली. काहीतरी आत शिरलं एवढंच त्यानं पाहिलं, दार ओढलं आणि कुलूप दाबलं.

मेंढ्या आवरल्या, तेव्हा खिडकीच्या गजांतून आवाज आला, "छबुबाई, दार उघडा. मला माजलगावला मीटिंगला जायचंय."

छबुबाई सावकाश खिडकीशी गेली. "लेखी अर्ज द्या, मग बघू."

आप्पारावांनी कपाळाला हात लावला. गेली खोली! त्यांनी काकूंना विनवलं, डोळे वटारले, पण बाई ढिम्म.

"आप्पा, हिला सांग की काहीतरी," मोहनराव आतून म्हणाले.

आप्पारावांनी सांगायला तोंड उघडलं खरं. पण पंचवीस वर्षांपूर्वी याच दाराशी बसलेली काकू त्यांना आठवली. "सचिव त्या हायत, सरपंच," ते म्हणाले. "माजं न्हाई चालत."

टेबलावर कोरे कागद होतेच. मोहनरावांचा हात अर्ज लिहिण्यात मुरलेला. रागातही मायना चुकला नाही. खाली सही ठोकली आणि सवयीनं खिशातला सरपंचाचा शिक्का काढून तोही हाणला.

छबुबाईनं अर्ज घेतला आणि याच खोलीत शिकलेली अक्षरं बोटानं लावत मोठ्यानं वाचायला लागली. "प्रति, माननीय सचिव, मेंढपाळ हक्क संघटना. विषय, सुटका होणेबाबत. मी, सरपंच, आज रोजी आपल्या मालकीच्या... कार्यालयात... अडकलो असून..."

ती थांबली. बोट मागं नेऊन 'आपल्या मालकीच्या' पुन्हा वाचलं. आप्पारावांनी शिक्का पाहिला, तारीख पाहिली आणि गुपचूप खुर्चीत बसले.

दार उघडलं. फेटा कानावर आलेले मोहनराव बाहेर पडले. छबुबाईनं घडी मोडली आणि आपल्या हातानं त्यांच्या खांद्यावर घोंगडं नीट पांघरलं.

"अर्जाची पोच देऊ का?" तिनं विचारलं.