डॉटीचं पिस्तूल

"कुत्रं शिकवायचं असेल ना, तर माझ्याकडे पाठवा! सहा महिन्यांत ते तुमच्यापेक्षा शहाणं करून परत देतो!"

ऑर्व्हिल टॉर्गर्सन कॉफीच्या दुकानात छाती पुढे काढून असं म्हणाला, तेव्हा कुणी हसलं नाही. दक्षिण डाकोटातल्या त्या टीचभर गावात फेझंट या रानपक्ष्याची शिकार म्हणजे सण, आणि ऑर्व्हिलनं आजवर तीन शिकारी कुत्री तयार केली होती. तिसरा, बूमर, म्हातारा होऊन गेला तेव्हा मात्र त्यानं बंदूक कपाटात ठेवली आणि दोन हंगाम बाहेर काढली नाही. शेवटी एका रविवारी त्याची बायको आर्डिस चर्चहून आली ती कोटाच्या आत काहीतरी वळवळतं घेऊनच. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, आणि कान असे की मोठ्या बहिणीचे मागून आणल्यासारखे! तीच डॉटी.

डॉटी सात महिन्यांची झाली. आता तिला बंदुकीच्या आवाजाची सवय लावायची होती. हे काम फार नाजूक. पिलू एकदा आवाजाला भ्यायलं की जन्माचं भ्यायलं! म्हणून आधी गोळी नसलेलं, नुसता आवाज काढणारं पिस्तूल वापरतात. ऑर्व्हिलचं जुनं पिस्तूल गंजून गेलं होतं. तो नवं घ्यायला लव्हॉनच्या दुकानात गेला. लव्हॉन त्याच्याच शाळेतली, त्यामुळे त्याची भीडभाड ठेवणारी नव्हे.

"पिलानं आवाज ऐकलाय का कधी?" तिनं विचारलं.

"माझा ऐकलाय की!"

"मग अर्धं काम झालं," असं म्हणून लव्हॉननं तीन पिस्तुलं उचलली आणि त्याला मागच्या अंगणात नेलं.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. ऑर्व्हिलला कमी ऐकू येत होतं. हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, एक त्यालाच सोडून. त्याच्या मते गेल्या पाच-सहा वर्षांत लोकच पुटपुटायला लागले होते!

लव्हॉननं सगळ्यात छोटं पिस्तूल वर धरलं. ऑर्व्हिल वाट पाहत उभा राहिला.

"हं, मार आता," तो म्हणाला.

"मारलं की!"

"मग बिघडलंय ते."

दुसरं उडालं. "हे तर आर्डिसनं पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखं वाजतंय!"

तिसरं उडालं तेव्हा दुकानाच्या काचा थरथरल्या आणि रस्त्यावरच्या पोस्टमननं पिशवी टाकून ट्रकाआड बसकण मारली.

"ह्याला म्हणतात आवाज!" ऑर्व्हिल खूश झाला. "हेच दे!"

"अरे, हे शेवटी वापरायचं असतं! आधी छोटं घे. पिलू जेवत असताना शंभर पावलांवरून उडव, मग रोज थोडं थोडं जवळ ये."

"लव्हॉन, मी तीन कुत्री तयार केलीत."

"तेव्हा तुला कान होते!" लव्हॉन म्हणाली. पण हे त्याला ऐकू आलं नाही.

घरी येऊन त्यानं डॉटीसमोर वाडगा ठेवला, दहा पावलं मागे गेला आणि चाप ओढला.

स्वयंपाकघरात आर्डिसच्या हातातून बटाट्यांचं भांडं सुटलं. शेजारच्या गाई कुंपण मोडून थेट मक्यात शिरल्या. आणि डॉटी? वाडगा होता, डॉटी नव्हती! अर्ध्या तासानं ती सापडली कपडे धुण्याच्या यंत्रामागे, इतक्या बारीक फटीत की तिथं मोजासुद्धा दुमडून घालावा लागला असता.

ती दोन दिवस बाहेर आली नाही. ऑर्व्हिलनं हाका मारल्या, शीळ घातली, मांसाचे तुकडे पुढे केले. नुसतं एक नाक दिसायचं, तेही थरथरणारं. दुसऱ्या दिवशी दुपारी आर्डिस कपड्यांची टोपली घेऊन आली, तर नवरा फरशीवर पालथा पडलेला, गाल जमिनीला टेकलेला.

"चुकलं माझं, पोरी," तो फटीत बघून म्हणत होता. "म्हाताऱ्याची अक्कल गेली. चुकलं माझं."

आर्डिस दारातच थबकली. एकेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं, आणि तेही दुसरीला उद्देशून! तिनं टोपली ठेवली, मोठं पिस्तूल उचललं आणि स्वतः ट्रक काढून लव्हॉनकडे गेली. परतली ती छोटं पिस्तूल घेऊन.

"पण मला ते ऐकूच येत नाही!" ऑर्व्हिल म्हणाला, आणि आपण काय बोलून बसलो हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

"कळलं एकदाचं," आर्डिस म्हणाली. "मी पायरीवर उभी राहते. उडालं की ॲप्रन हलवते आणि तिला वाडगा देते. जा, शंभर पावलं मोज. मोठी टाक!"

मग उन्हाळाभर रोज संध्याकाळी हाच कार्यक्रम. लांब शेतात ऑर्व्हिल हात वर करायचा, पायरीवर ॲप्रन हलायचा, वाडगा खाली यायचा. पहिल्या आठवड्यात डॉटी एक डोळा यंत्राच्या दिशेनं ठेवून जेवली. तिसऱ्या आठवड्यात शेपूट हललं. सप्टेंबरात मोठं पिस्तूल पुन्हा आणलं, तर त्या दणक्यालाही तिच्या तोंडाला पाणी सुटलं! ऑर्व्हिलनं डोळे पुसले आणि वाऱ्यानं धूळ गेली म्हणाला. वारा पडलेला होता.

हंगामाच्या पहिल्या दिवशी आर्डिसचा भाऊ ड्वेन दोन मित्रांना घेऊन आला.

"बघाच आता," ऑर्व्हिल म्हणाला. "ही चौथी. आणि सगळ्यांत सरस!"

कापलेल्या मक्यात डॉटी अचानक थबकली. एक पंजा उचललेला, शेपूट ताठ. पक्षी भर्रकन उडाला, ऑर्व्हिलनं बार काढला, पक्षी पडला. आणि डॉटी भ्यायली नाही! अजिबात नाही! तिनं आनंदानं कान उडवले, पक्ष्याकडे पाठ केली आणि वाऱ्यासारखी घराकडे सुटली.

"कुठे निघाली ती?" ड्वेननं विचारलं.

तेवढ्यात ऑर्व्हिलचा फोन थरथरला. "डॉटी आलीय," आर्डिस इतक्या मोठ्यानं ओरडली की ड्वेनलाही ऐकू गेलं. "दारात बसून जेवायला मागतेय! तू बार काढलास का?"

तिला ट्रकमधून परत आणलं. दुसरा बार, पुन्हा घर! तिसऱ्या बाराला तर ड्वेन बांधावर पोट धरून बसला. चौथ्या वेळी ट्रकमधून डॉटीबरोबर आर्डिसही उतरली. अंगात ड्वेनचा शिकारीचा ढगळ नारिंगी कोट, हातात वाडगा. एकेचाळीस वर्षांत ती शिकारीला एकदाही आली नव्हती.

"काढ बार," ती म्हणाली. "अंडी उकडत ठेवून आलेय मी."

बार निघाला. पक्षी पडला. डॉटीनं घराकडे पाहिलं, मग आर्डिसकडे पाहिलं. विचार केला. धावत जाऊन पक्षी अलगद तोंडात उचलला, हात पसरून बसलेल्या ऑर्व्हिलला वळसा घातला आणि आर्डिसच्या बुटांपाशी ठेवला.

"आता काय करू?" आर्डिस कुजबुजली.

"शाबास म्हण."

"शाबास!" आर्डिसनं डॉटीचं डोकं थोपटलं. मग नवऱ्याचा चेहरा पाहून त्याची टोपीही थोपटली. आणि वाडगा खाली ठेवला.

ऑर्व्हिलनं वाडग्यात वाकून पाहिलं. "आर्डिस, हे माझ्या सँडविचमधलं मांस आहे!"

"घाईत तेवढंच हाताला लागलं. पाव आहे ना तुझा, खिशात घालून आणलाय."

ऑर्व्हिल टॉर्गर्सननं मक्यात उभ्यानं कोरडा पाव खाल्ला. ड्वेन मात्र सांगतो, इतक्या चवीनं जेवताना त्याला आजवर कुणी पाहिलं नव्हतं!