सूचना, हरकती आणि एक खिडकी

"बाबा, तुमचा ब्लॉग मी सोडून आणखी कोणी वाचतं का, एकदा बघायला हवं," मुलगी फोनवर म्हणाली, तेव्हा भाऊसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. भाऊसाहेबांनी चष्मा काढला की समजावं, आता समोरच्याला ज्ञान मिळणार.

"रोज चाळीस जण वाचतात. आकडा येतो मला."

"आकडा येतो, पण अजून एकाने तरी खाली काही लिहिलंय? लोकांनाच विचारा ना. ब्लॉग कुठल्या दिशेने न्यायचा ते वाचकांनी सांगावं, असं चक्क लिहून टाका."

"हात्तिच्या! एवढंच ना?"

एवढंच ना म्हणायचा भाऊसाहेबांना अधिकार होता. चौतीस वर्षं त्यांनी इमारत परवानगीच्या कार्यालयात काढली, शेवटची नऊ मुख्य लिपिक म्हणून. रस्ता रुंद करायचा असो की बाग बांधायची असो, 'नागरिकांच्या सूचना व हरकती मागवण्यात येत आहेत' ही जाहिरात त्यांच्याच हातची असे. सूचना मागवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. सूचना घेण्याचा प्रसंग मात्र चौतीस वर्षांत एकदाही आला नव्हता. "मागवायच्या असतात. घ्यायच्या असतात असं कुठे लिहिलंय?" असं ते नव्या लिपिकांना पहिल्याच दिवशी शिकवत.

त्यांचा ब्लॉग होता 'एका फाइलचा प्रवास'. कोण्या एका अर्जदाराने घराच्या पश्चिमेच्या भिंतीत अडीच फूट बाय तीन फूट खिडकी काढायची परवानगी मागितली होती. ती फाइल नऊ टेबलं फिरली आणि तिच्यावर त्रेचाळीस शेरे पडले. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात रेकॉर्ड रूम आवरताना ती भाऊसाहेबांना सापडली आणि ते तिच्या प्रेमातच पडले. सगळे शेरे त्यांनी वहीत उतरवून घेतले होते. ब्लॉगचे चौदा भाग झाले होते आणि फाइल जेमतेम तिसऱ्या टेबलावर पोचली होती. आधी ते म्हणाले होते, वीस भाग होतील. मग तीस झाले, हल्ली चाळीस म्हणत.

"फाइल मुक्कामाला पोचूच नये असं वाटतंय का हो तुम्हाला?" बायकोने एकदा विचारलं होतं. त्यावर भाऊसाहेब पाणी प्यायला उठून गेले होते.

तर त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला आणि एका दमात जाहीर निवेदन लिहून काढलं. ब्लॉगची भावी दिशा निश्चित करणेबाबत, वाचकांनी आपल्या सूचना व हरकती पंधरा दिवसांच्या आत सादर कराव्यात. मुदतीनंतर आलेल्यांचा विचार केला जाणार नाही. मुदतीत काही न आल्यास कोणाचेही काही म्हणणे नाही असे गृहीत धरण्यात येईल. भाऊसाहेबांची सगळी भिस्त या शेवटच्या वाक्यावर होती. काही येणार नाही, आपण गृहीत धरू आणि पंधरावा भाग टाकू, असा त्यांचा साधा सरळ हिशेब होता.

पण चौतीस वर्षांची सवय डोक्यात नसते, बोटांत असते. त्या वाक्याखाली कायम जो मजकूर येई तो बोटांनी आपोआप टाइप केला. 'सूचना देणाऱ्यांची प्रत्यक्ष सुनावणी मुदतीनंतरच्या रविवारी सकाळी अकरा वाजता खालील पत्त्यावर घेण्यात येईल.' पुढे पत्ता हवा, म्हणून बोटांनी घरचा पत्ता टाकला. निवेदनाची एक प्रत दर्शनी भागात लावावी लागते, म्हणून भाऊसाहेब स्वतः खाली जाऊन बिल्डिंगच्या नोटीस बोर्डावर चार टाचण्या मारून आले. नोटीस त्यांनी परत वाचली नाही. लिहिलेलं परत वाचायचं काम त्यांच्या हाताखालच्यांचं असायचं.

आणि काय सांगावं, प्रतिक्रिया आल्या! पंधरा दिवसांत तेवीस. भाऊसाहेबांनी हरखून नवी कोरी वही काढली, डाव्या बाजूला 'आवक' आणि उजव्या बाजूला 'जावक' असं लिहिलं आणि एकेक प्रतिक्रिया क्रमांक देऊन चढवली. मग वाचायला बसले. आवक क्रमांक एक: 'फाइल पुरे.' दोन: 'भाऊसाहेब, तुमच्या सासूबाईंबद्दल लिहा, वहिनी सांगतात ते किस्से भारी असतात.' पाच: 'भाग छोटे करा.' नऊ: 'भाग बंद करा.' चौदा: 'फाइल जाळा.'

"विरोधाला विरोध आहे हा," भाऊसाहेब बायकोला म्हणाले. "तेवीस आल्या, तेवीसच्या तेवीस दप्तरी दाखल. पंधरावा भाग सोमवारी."

"काय करायचं ते करा. मला रविवारी घर आवरायचंय, तेवढं मधे मधे करू नका."

रविवारी अकराला पाच कमी असताना बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी, हातात नोटिशीची झेरॉक्स. त्यांच्यामागे तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. त्यांच्यामागे भाऊसाहेबांच्याच कार्यालयातून निवृत्त झालेले नकाशे काढणारे गृहस्थ, ज्यांना सगळे फूटपट्टी म्हणत. आणि जिन्यावर आणखी आठ-दहा डोकी.

"सुनावणी इथेच ना?" सेक्रेटरींनी विचारलं.

"कसली सुनावणी?" म्हणत भाऊसाहेबांनी झेरॉक्स घेतली, वाचली आणि त्यांचा चेहरा पार उतरला. आपल्याच सहीची नोटीस. नाही म्हणायची सोय नाही.

त्यांची बायको तीस वर्षं मोठ्या रुग्णालयात नर्स होती, बिल्डिंगमध्ये तिला अजून सिस्टरच म्हणतात. अर्धी आवरलेली बैठकीची खोली, सोफ्यावर पडद्यांचा ढीग आणि दारात ही गर्दी. तिने एकदा नवऱ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ सगळ्यांना कळला.

"चपला बाहेर," सिस्टर म्हणाली. "पडदे उचलून मांडीवर घ्या आणि बसा. एका वेळी एकानेच बोलायचं. ओरडणाऱ्याचा नंबर शेवटी."

भाऊसाहेबांनी खुर्ची ओढली, वही उघडली आणि चष्मा चढवला. खुर्चीत बसताच त्यांचा गेलेला रंग परत आला. शेवटी सुनावणीच ती, अशा दोनशे घेतल्या होत्या.

"आवक क्रमांक पाच. डॉक्टर, बोला."

"माझे पेशंट बाहेर थांबतात तेव्हा तुमचा ब्लॉग वाचतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भाग इतका लांब असतो की मी आत बोलावलं तरी येत नाहीत. म्हणतात, फाइल टेबलावरून उठली की येतो. ती उठतच नाही! दात राहतात बाजूला."

"म्हणजे वाचनीय आहे," भाऊसाहेबांनी खूश होऊन लिहून घेतलं.

"हरकत आहे ती!"

"नोंद घेतली. पुढे, आवक क्रमांक सात."

सेक्रेटरी उठून उभे राहिले. "ब्लॉगमध्ये बिल्डिंगची गळती यावी. चौथ्या मजल्याची. फोटोसकट. नावासकट."

"माझं नाव कशाला?" चौथ्या मजल्यावरचे कोपऱ्यातून कडाडले. "गळती वरून येते! वरच्यांची सुनावणी घ्या!"

"ओरडलात, नंबर शेवटी," सिस्टर म्हणाली आणि ते मुकाट्याने पडदा मांडीवर घेऊन बसले.

मग फूटपट्टीचा नंबर लागला. त्यांनी खिशातून कागद काढला. "भाग अकरामध्ये माझ्या शेऱ्याला तुम्ही 'पोरकट' म्हटलंय. मी लिहिलं होतं, खिडकी एक इंच डावीकडे घ्यावी. त्यामागे शास्त्र होतं."

"एका इंचासाठी फाइल सात महिने तुमच्याकडे होती हो!"

"मोजायला नको?"

हशा पिकला. कोणी म्हणालं सासूबाईंवर लिहा, कोणी म्हणालं बायकोवर लिहा, आणि यावर सिस्टरने अशी मान वळवली की ती सूचना देणाऱ्याने जागच्या जागी मागे घेतली. भाऊसाहेब सगळं टिपत होते आणि मनात पुन्हा तेच घोकत होते, दप्तरी दाखल, दप्तरी दाखल, पंधरावा भाग सोमवारी.

"आणखी कोणी?" त्यांनी वही मिटता मिटता विचारलं.

दाराजवळच्या स्टुलावरून एक म्हातारे गृहस्थ उठले. पांढरा शर्ट, हातात घडी घातलेला कागद. बिल्डिंगमधल्या कोणीच त्यांना आधी पाहिलं नव्हतं.

"माझी सूचना कॉम्प्युटरवर नाही. मला ते जमत नाही," ते म्हणाले. "सुनेने वाचून दाखवलं. म्हणून प्रत्यक्ष आलो."

"हरकत नाही. आवक क्रमांक चोवीस. बोला."

"फाइल बंद करू नका."

भाऊसाहेबांना वाटलं, उठून या माणसाला मिठी मारावी. चाळिसांत एक तरी निघाला!

"बघा, बघा!" ते सगळ्यांना म्हणाले. "याला म्हणतात रसिक! तुम्हाला नेमकं काय आवडलं त्यात?"

"आवडलं असं नाही," म्हातारे संकोचून म्हणाले. "मला शेवट कळायला हवाय. चाळिसावा भाग केव्हा येईल? मी बहात्तर वर्षांचा आहे. तसा धडधाकट आहे, पण तुमची फाइल दोन महिन्यांत एक टेबल चालते."

"एवढी कसली घाई?"

"ती खिडकी माझी आहे."

भाऊसाहेबांच्या हातातलं पेन थांबलं.

"पश्चिमेची भिंत, अडीच बाय तीन, समोर शेजाऱ्याची पाण्याची टाकी," म्हातारे म्हणाले. "सून म्हणाली, बाबा, ही आपलीच की हो. सत्तावीस वर्षं झाली. काही उत्तरच आलं नाही. मंजूर झाली का नाही, एवढंच सांगा. मग मधले भाग सावकाश लिहा."

सगळ्यांनी भाऊसाहेबांकडे बघितलं. सासूबाई, गळती, दात, सगळं मागे पडलं. फूटपट्टीसुद्धा पुढे वाकून बसले.

"मंजूर झाली होती," भाऊसाहेब हळूच म्हणाले.

"झाली होती?" म्हातारे मटकन स्टुलावर बसले. "मग पत्र?"

"पत्र तयार होतं. सही झाली होती. फक्त जावक क्रमांक टाकून पोस्टात द्यायचं होतं. त्या दिवशी जावक लिपिक अचानक रजेवर गेला. पंधरा दिवस. बदलीवाल्याने पत्र फाइललाच लावलं आणि फाइल रेकॉर्डला पाठवून दिली."

"कोण होता तो मेला?" सेक्रेटरी तापले. "असल्या लोकांची नावं छापा ब्लॉगमध्ये! फोटोसकट!"

भाऊसाहेब उठले. पाणी प्यायला जाणार, एवढ्यात सिस्टरने स्वतःच पेला भरून समोर धरला. आता उठायला कारण उरलं नाही.

"तारीख काय होती हो पत्रावर?" तिने विचारलं.

"बारा नोव्हेंबर."

सिस्टर बघतच राहिली. "अहो, बारा नोव्हेंबर म्हणजे आपली पोर झाली तो दिवस."

"हो. दवाखान्यातून निरोप आला आणि मी तसाच पळालो. टेबलावर काय राहिलं ते बघितलंसुद्धा नाही." भाऊसाहेबांनी चष्मा काढला, पण या वेळी ज्ञान द्यायला नाही. "शेवटच्या आठवड्यात फाइल सापडली तेव्हा पत्र पाठवणार होतो, देवाशपथ. पण एवढ्या उशिराने पाठवायचं तर उशिराचं कारण लिहावं लागतं. कारण मीच होतो. म्हणून म्हटलं, चाळिसाव्या भागात सांगू."

"म्हणून विसाचे चाळीस केलेत होय!" सिस्टर म्हणाली. खोलीत कोणी हसलं नाही. भाऊसाहेबांना चौतीस वर्षांत प्रथमच लाज वाटली, आणि ती लपवावी असंही वाटलं नाही.

"मला माफ करा," ते म्हाताऱ्यांना म्हणाले. "तुमची खिडकी माझ्यामुळे राहिली."

"नाही, राहिली नाही," म्हातारे म्हणाले. "खिडकी मी तेव्हाच काढली."

"काय?"

"गवंडी आलेला होता, परत कसा पाठवणार? काढली. मग भीती बसली, तपासणीला कोणी आलं तर? म्हणून आतून समोर कपाट उभं केलं. सत्तावीस वर्षं ते तिथेच आहे. बायको रोज म्हणायची, खिडकीला खर्च केलात आणि दिवसा दिवा लावायला लावता. मी म्हणायचो, पत्र येऊ दे. शेवटपर्यंत ऐकवलं हो तिने." त्यांनी घडीचा कागद उलगडला, तो सत्तावीस वर्षांपूर्वीच्या अर्जाची पोच होती. "मला लिहून द्याल का तेवढं? मंजूर म्हणून?"

"मला आता तो अधिकार नाही. मी निवृत्त झालो."

"अधिकार गेला खड्ड्यात!" सिस्टर म्हणाली. "द्या लिहून."

भाऊसाहेबांनी कागद घेतला, वळणदार अक्षरात चार ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि वहीची उजवी बाजू उघडली. ती कोरी होती. तिथे त्यांनी लिहिलं, 'जावक क्रमांक एक', आणि पत्र म्हाताऱ्यांच्या हातात दिलं. म्हाताऱ्यांनी ते दोनदा वाचलं आणि शर्टाच्या खिशात नीट ठेवलं.

"आता एकच अडचण आहे," दारापाशी थबकून ते म्हणाले. "कपाट फार जड आहे. घरात मी आणि सून."

सेक्रेटरींनी आधीच बाह्या वर केल्या होत्या. चौथ्या मजल्यावरचे त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. डॉक्टरीणबाईंनी गाडीची किल्ली काढली. फूटपट्टींनी खिशातून खरोखरच फूटपट्टी काढली. "मला तो एक इंच बघायचाच आहे," ते म्हणाले.

"सुनावणीचे ठिकाण बदलण्यात येत आहे," भाऊसाहेबांनी वहीत लिहिलं आणि चप्पल शोधायला लागले. पडदे लावायचे तसेच राहिले.

पंधरावा भाग ठरल्याप्रमाणे सोमवारी आला. तोच शेवटचा होता. त्यात मधल्या सहा टेबलांबद्दल अवाक्षर नव्हतं, रविवारची हकिगत मात्र होती, उशिराच्या कारणासकट. वाचणाऱ्यांचा आकडा दुपारपर्यंत सहाशेवर गेला. 'पुढची सुनावणी केव्हा?' असं विचारणाऱ्या एकतीस प्रतिक्रिया आल्या आणि सिस्टरने दारावर स्वतःच्या हाताने नोटीस लावली: 'इथे सुनावणी होत नाही.'

संध्याकाळी सुनेच्या नावाने एक प्रतिक्रिया आली. मजकूर म्हाताऱ्यांनी सांगितलेला असावा.

'आज दिवसभर खिडकी उघडी ठेवली. टाकी आहे तिथेच आहे, शेजाऱ्यांनी तिला निळा रंग दिलाय. पण उजेड पार स्वयंपाकघरापर्यंत जातो. बायको बरोबर म्हणत होती. खिडकी एक इंच डावीकडे हवी होती, हेही संध्याकाळचं ऊन टाकीआड गेल्यावर खरं निघालं. तुमच्या त्या फूटपट्टीवाल्या साहेबांना कळवावं.'

भाऊसाहेबांनी ती दोनदा वाचली, वहीत आवक क्रमांक टाकला आणि फूटपट्टीला फोन लावला.