उकिडवं बसवणारे डॉक्टर मगदूम

माझ्या लग्नात डॉक्टर मगदुमांनी माझ्या सासऱ्यांना उकिडवं बसायला लावलं. तेही ऐन मांडवात.

सासरे किंचित डावीकडे झुकून चालत. मगदूम अक्षता मुठीत धरून त्यांच्यामागून फिरत राहिले आणि शेवटी म्हणाले, "आवं मामा, जरा बसा बगू. उकिडवं." सासऱ्यांना वाटलं, मुलीकडच्यांची काहीतरी रीत असेल. फेट्यासकट बसले. त्यांचं बघून त्यांचे दोघे चुलतभाऊही बसले. "टाचा टेकतायत!" असं ओरडून मगदुमांनी हातातल्या अक्षता नवरानवरीऐवजी सासऱ्यांच्याच डोक्यावर टाकल्या.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कराडच्या एका इस्पितळात ते हाडांचे सर्जन आणि मी भूल देणारी. सांगलीकडच्या जैन शेतकऱ्याच्या घरातला, उंच, अघळपघळ माणूस. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, पाय राहत. इस्पितळाच्या अध्यक्षांचं नाव विसरले की मला विचारत, "बाई, ते उजव्या पायावर भार टाकणारे आलेत का?"

उसाचा हंगाम लागला की गाड्याखाली, ट्रॉलीखाली सापडून मांड्या मोडलेली माणसं येत. मगदूम येण्याआधी अशा माणसाला पायाला वजन बांधून महिनोन्‌महिने खाटेवर पाडून ठेवत. मगदूम हाडाच्या आत पोलादी सळई घालत आणि वर खबरदारी म्हणून प्लास्टर. हाड असं सरळ जुळे की एक्स-रेचे फोटो बघायला बाहेरगावचे डॉक्टर येत.

पण घरी गेलेला रोगी पुन्हा काही तोंड दाखवत नसे. "बरा झालेला कशाला येतोय?" मगदूम म्हणत. "आन बरा न झालेला भिडेपोटी येत न्हाई. मग मला कळायचं कसं?"

म्हणून ते स्वतःच निघाले. रविवार आला की एस.टी. पकडून पलूस, कडेगाव, मलकापूर, जिथं बाजार तिथं. आपला रोगी दिसला की भाजीच्या ढिगाऱ्यात त्याला गाठायचं. तो बिचारा कौतुकानं जपलेला एक्स-रेचा फोटो पिशवीतून काढू लागला की, "फोटो राहू दे, बसा बगू!" एकदा पलूसला भलत्याच माणसाला बसवलं. तो साध्या कपड्यातला फौजदार निघाला.

"पण बसायलाच का लावता?" मी विचारलं.

"आपला माणूस शेतात बसतोय, जेवाय बसतोय, परसाकडं बसतोय. परदेशातल्या पुस्तकात खुर्चीवर बसला की बरा झाला. आपल्याकडं खुर्ची कुणाच्या घरात हाय?"

आम्ही सगळे हसत होतो. मग हळूहळू लक्षात आलं, सोमवारी ते गप्प असतात.

"हाडं सगळी जुळलीत बाई," एकदा हात धुताधुता म्हणाले. "गुडघे आखडलेत. माझ्या प्लास्टरनं."

कडेगावला माझी बहीण दिलेली, त्यामुळं कधीमधी मीही बरोबर जाई. ते सोपानच्या घरी गेले तेव्हा मी होते. सोपान फौजी, रजेवर आला असताना उसाच्या ट्रॉलीखाली मांडी मोडली होती. मगदुमांची सगळ्यात देखणी सळई त्याच्या पायात होती. आम्हाला बघताच तो बाजेवरून उठला आणि त्यानं सॅल्यूट ठोकला. "एकदम फिट, साब!"

"बस बगू."

त्यानं हसतहसत प्रयत्न केला. गुडघा लाकडासारखा. तोल गेला आणि तो आमच्यासमोर अंगणात आडवा झाला. त्याची बायको हौसा ऊसतोडीला जायच्या तयारीत होती. ती कोयता टाकून धावली. फौजेनं त्याला घरी पाठवलं होतं, शेतात वाकता येत नव्हतं. तरी पडल्यापडल्या म्हणाला, "लय चांगलं केलंत डॉक्टर. पाय हाय, ह्येच लय झालं."

पुण्याला सर्जनांची मोठी सभा झाली. मगदुमांनी तिथं सगळे सुंदर फोटो दाखवले आणि म्हणाले, "ही हाडं मी जोडली. ह्यांचे गुडघेही मीच घालवले. सळईवर प्लास्टर घालू नका." मागून एकानं विचारलं, "सळया कुठून मागवता?"

त्यानंतर आमच्याकडं प्लास्टर बंद झालं. नवे रोगी लवकर पाय हलवू लागले. पण मगदुमांच्या डोळ्यांपुढून जुने हलेनात. सगळ्यात जास्त सोपान. दर रविवारी ते त्याच्याकडं जात, बाजेशेजारी जमिनीवर बसून त्याचा गुडघा तेल लावून चोळत, इंचाइंचानं वाकवत. सोपान दात आवळून सोसे. त्यांनी शस्त्रक्रिया करून गुडघा उघडूनही पाहिला. भूल मीच दिली होती. थोडे दिवस वाकला. परत आखडला.

तरी ते जात राहिले.

एका रविवारी परत निघालो तर हौसा आमच्या मागोमाग एस.टी. थांब्यापर्यंत आली. मग म्हणाली, "डॉक्टर, राग मानू नगा. आता येऊ नगासा."

"का गं? दुखतंय फार?"

"दुकण्याचं काय न्हाई वं. तुमी आलासा की त्येंला वाटतंय, अजून काय तरी हुणार हाय. आठवडाभर आशेवर ऱ्हात्यात. मग रातचं उठून एकलंच बसून रडत्यात. मला न्हाई बगवत."

मगदूम तिच्या तोंडाकडं बघत राहिले. पायांकडं नाही, तोंडाकडं. तेलाचे हात त्यांनी धोतराला पुसले.

"मग मी रविवारी काय करू?"

हे त्यांनी खरंच विचारलं होतं. हौसा गोंधळली. पदर सावरत म्हणाली, "घरची मानसं वाट बगत असतील की तुमची."

"व्हय," मगदूम म्हणाले. "हायत की."

त्यांच्या घरी कुणी नव्हतं. बायको बाळंतपणात गेल्यावर त्यांनी दुसरं लग्न केलं नव्हतं. गाडी आली, तेव्हा हौसानं वाकून त्यांच्या पायांना हात लावला, आणि गाडी हलल्यावरही मगदूम मागं वळून तिला हात करत राहिले.