मळवलीचा समुद्र

मुंबईहून समुद्राचं पाणी वाहून आणून दिलं, तर माणसाने आभार मानावेत. ते जमत नसेल तर निदान गप्प बसावं. धोंडूआबा ते पाणी चाखून बघत.

मी तेव्हा रेल्वेत गार्ड होतो. मुंबईहून रात्री निघालेली आमची पॅसेंजर सकाळी साडेसहाला मळवलीत एक मिनिट थांबायची. मी ब्रेकमधून, म्हणजे गाडीच्या शेवटी असलेल्या गार्डाच्या डब्यातून, पाण्याचा पत्र्याचा डबा फलाटावर उतरवायचा आणि हिरवा झेंडा हातात घ्यायचा. आबा डब्यापाशी उकिडवे बसायचे, झाकण काढायचे, करंगळी बुडवून जिभेला लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. पुढून इंजिनाची शिट्टी, खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर, आणि आबांचे डोळे मिटलेले.

"गार्डसायेब, ह्ये भरतीचं न्हाई."

"आबा, मी गाडीच्या वेळेवर येतो. भरतीच्या नाही."

"त्येच म्हन्तो मी. तुमी गाडीचं मानूस. तुमाला न्हाई कळायचं."

एवढं ऐकून घेतल्यावर मी झेंडा दाखवायचा. मळवलीला झालेल्या उशिराची कारणं म्हणून मी वहीत काय काय लिहिलं, ते माझं मला माहीत. 'रुळावर जनावर' हे त्यातल्या त्यात खरं म्हणायचं.

हे लोढणं माझ्या गळ्यात एका डॉक्टरांनी अडकवलं. मळवली स्टेशनामागे त्यांचा बंगला होता आणि आबा तिथले राखणदार. बंगल्याच्या दिवाणखान्यात डॉक्टरांनी हौसेने खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली होती. आत हाताच्या पंजाएवढं एक समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा पसरणारा जिवंत प्राणी, आणि त्याच्या आडोशाला केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. पुढे डॉक्टर विलायतेला मुलाकडे निघाले. जाण्याआधी फलाटावर येऊन मला म्हणाले, "तुमच्या ब्रेकमध्ये जागा असते. थोडे दिवस पाणी आणाल का?" भिडेपोटी मी हो म्हटलं. थोडे दिवस म्हणजे नऊ वर्षं.

नुसतं पाणी असतं तरी चाललं असतं. माशांना कोलंबी लागे. आमच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा येत नाही, आणि माझ्या कोटाच्या खिशात कोलंबीची पुडी. पहिल्यांदा बायकोला वास आला तेव्हा मी खरं कारण सांगितलं. माझी बहीण मळवलीला जाऊन टाकी पाहून येईपर्यंत तिचा विश्वास बसला नाही.

डॉक्टरांनी जाताना टंकलिखित सूचनांचे चार कागद ठेवले होते. इंग्रजीत. सुट्टीच्या दिवशी मी बंगल्यावर बसून ते आबांना मराठीत समजावून सांगितले. आबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्ये माशांनी वाचलंय का?"

त्यानंतर कागद फळीवर गेले आणि आबांचा कारभार सुरू झाला. पाणी किती खारं हे ते अंड्यावर ठरवत. भाताचं बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून पोचट दाणे काढताना अंडं तरंगवून मीठ बघायचं, हे ग्रामसेवकाने त्यांना शिकवलं होतं. तीच विद्या इथे. "ताजं अंडं बुडतं, लय जुनं गोड्या पान्यातबी वर येतं. हितं पंधरा दिसांचं लागतं," असं सांगून ते पेन्सिलीने तारीख घातलेली अंडी ओळीने मांडत. त्या खोलीत मी चहा घेणं सोडून दिलं होतं.

आणि मासे. डॉक्टर त्यांना विदूषक मासे म्हणत. आबांना ते नाव मुळीच पसंत नव्हतं. "ह्याच्यावानी संसारी मानूस दावा कुटं," म्हणत. मोठ्या मादीला त्यांनी थोरली म्हटलं, लहान नराला बारका. थोरली अंगावर धावून गेली की बारका एका कुशीवर होऊन थरथरायचा. मला त्याची दया यायची.

"भ्याला न्हाई त्यो," आबा समजावत. "सांगतोय, तू थोरली, मी बारका. येवढं सांगितलं की दिस सुखानं जातो."

एकदा मीही शहाणपणा केला. मुंबईच्या बाजारात त्याच जातीचा एक गलेलठ्ठ मासा दिसला, तो बरणीत घालून आणला. म्हटलं, आबा खूश होतील. आबांनी बरणीकडे बघूनच मान हलवली. "परत न्या. जोडीत तिसरं घालत न्हाईत." मी कसला ऐकतोय. एवढ्या मोठ्या टाकीत दोघंच कशाला, म्हणत बरणी पाण्यात ओतली. थोरलीने त्याला कोपऱ्यात असा गाठला की त्याच्या परांच्या चिंध्या झाल्या. आबांनी जाळीने काढून त्याला बादलीत ठेवला, पण दुसऱ्या दिवशी तो मेला. नंतर महिनाभर आबा डबा घेऊन न बोलता चालू लागायचे. पाणी चाखतसुद्धा नव्हते. त्या महिन्यात माझी गाडी एकदाही मळवलीत उशिरा सुटली नाही, आणि मला ते अजिबात बरं वाटलं नाही.

हे मी स्टेशनवरच्या हमालाला सांगितलं, तर तो हसायला लागला. "गार्डसायेब, ह्येच त्ये सख्ख्या भावाला बोललं व्हतं." आबांची बायको वारली तेव्हा पदरात लहान मुलगी, हौसा. भाऊबंद आंदर मावळातून पायी चालत एक स्थळ घेऊन आले. आबांनी त्यांना अंगणातूनच लावून दिलं. "मी आन पोर, आमची जोडी हाय. तिसरं नको." तेव्हापासून भावाच्या घरी जाणं-येणं बंद. हमालाच्या मते माणूस तिरसट. मीही त्याच्याशी सहमत झालो. हौसाचं लग्न होऊन ती सासरी गेली होती, आणि बंगल्यामागच्या खोलीत आबा एकटे राहत होते.

मग एका आषाढात मळवलीची वीज दोन दिवस गेली. टाकीत हवा सोडणारं यंत्र बंद पडलं. आबांनी ट्रकच्या टायरची ट्यूब आणली, सायकलच्या पंपाने फुगवायची आणि तिच्यातली हवा बारीक नळीने पाण्यात सोडायची. मी रजेवर होतो आणि कुठल्या दुर्बुद्धीने बंगल्यावर गेलो कोण जाणे. दोन दिवस आम्ही आळीपाळीने पंप मारला. माझे खांदे भरून आले. वीज आली त्या सकाळी थोरली तळाशी आडवी पडलेली होती.

बारका समुद्रफुलाच्या मागे जाऊन बसला. अन्नाला तोंड लावेना. खरं सांगायचं तर माझ्या मनात आलं, आता हाही आटोपला की मी सुटलो.

"दुसरा आणून द्याल न्हवं?" आबांनी विचारलं. "एकटं ठेवू नये."

त्यांचा चेहरा बघून मला नाही म्हणवेना. "उद्याच आणतो."

"उद्या नको. आदी हा थोरली होऊंदे."

मला वाटलं, जागरणाने डोकं फिरलं. "आबा, तो नर आहे."

"हाय. पर आता घरात थोरली न्हाई. मंग ह्यालाच व्हावं लागंल. मागं डाक्टरांच्या टायमालाबी असंच झालतं. ही थोरली आदी बारका व्हती."

ही गोष्ट मी गार्डांच्या विश्रांतिगृहात सांगितली आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. दर खेपेला मला विचारायचे, "काय, बारक्याला दिवस गेले का?" इकडे आबा काचेला बोटांची पेरं लावून बारका मोजत. तो खायला लागला. वाढला. टाकीभर रुबाबात फिरायला लागला. पौष सरता सरता टाकीची काच आतून पुसताना तो आबांच्या हाताला कडकडून चावला. आबांनी फलाटावर मला ते बोट दाखवलं, मोठ्या कौतुकाने. "झाली थोरली. आता आना. पर हिच्याहून बारका बघा, मोठा न्हाई."

तसा मासा मिळायला तीन खेपा गेल्या. अखेर करंगळीएवढा एक मिळाला. बरणी टॉवेलात गुंडाळून, थंडी लागू नये म्हणून रात्रभर मांडीवर धरून मी मळवलीपर्यंत आणली. फलाटावर आबा नव्हते. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

असा काही संताप आला. गाडी सोडून मला जाता येईना. तशीच बरणी पुण्याला नेली, ड्युटी संपवली आणि परतीच्या गाडीने मळवलीला आलो. आज आबांना काय काय सुनवायचं, त्याची उजळणी करत बंगल्याला वळसा घातला.

मागच्या खोलीपाशी ओव्याच्या धुरीचा वास येत होता. न्हाणीच्या दगडावर आबा धोतर वर खोचून, दोन्ही पाय लांब पसरून बसले होते. पायांवर पालथं घातलेलं आठ-दहा दिवसांचं बाळ. आबा लोट्यातल्या पाण्याला आधी कोपर लावून बघत होते, मग धार सोडत होते. दुसरा हात बाळाच्या पाठीवरून असा फिरत होता, की आमच्या आईलाही तो तसा साधला नसता.

दाराशी कानाला फडकं बांधून हौसा बसली होती. बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि बाळापायी आबांना सकाळी फलाटावर येता आलं नव्हतं. मी नुसताच उभा राहिलेला बघून ती हसली. "बायाबी आशाच बघत्यात. मला आबानंच न्हाऊ घातलंया, काका. आय गेली तवा मी म्हयन्याची व्हते. वेणीफणी, काजळ, समदं आबानंच. सासरी जाताना वटीबी त्येंनीच भरली."

आबांनी मान वर केली नाही. "केवढा हाय?"

"करंगळीएवढा," मी म्हणालो.

"मंग बरं. बरनी तशीच टाकीत तरंगत ठेवा. पान्याची वळख होऊंदे. घाई करू नका."

बारक्याला थोरली व्हावं लागतं, हे आबा टाकीत बघून शिकले, असं मी समजत होतो. आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. मला माझीच लाज वाटली. तिरसट म्हणून हमालापुढे मान डोलावली होती, तीही आठवली. मी आत गेलो आणि बरणी जपून पाण्यावर ठेवली. थोरली तिच्याभोवती एक फेरी मारून गेली. आतला इवलासा मासा एका कुशीवर झाला आणि थरथरला.

पुढच्या खेपेला मळवलीला आबा फलाटावर हजर होते. डबा उतरवला. झाकण निघालं, करंगळी बुडाली, डोळे मिटले. इंजिनाने एकदा शिट्टी दिली, दुसऱ्यांदा दिली. मी झेंडा गुंडाळून काखेत धरला आणि आबांचे डोळे उघडेपर्यंत गाडी उभी ठेवली.